तिजोरीला दोन चाव्या, सर्व्हर रूमच्या दाराला खुर्ची

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

बँक फोडल्याची बातमी कुठल्याही मराठी पेपरात वाचा, शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: ‘जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला.’ (डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा.) खिडकीचे गज गॅस कटरनं कापले, श्वान चौकापर्यंत जाऊन घुटमळलं, ठसेतज्ज्ञ येऊन गेले आणि डीव्हीआर लंपास. हे वाक्य वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर तो डीव्हीआरच येतो. शाखाधिकाऱ्यांच्या टेबलाखाली, पायांशी, वर जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा आणि शेजारी पाण्याची बाटली. पुष्कळदा तो मीच बसवलेला असतो. ‘साहेब, हा वरच्या मजल्यावर कुलपाच्या रॅकमध्ये ठेवू’ असं मी म्हटलेलं असतं, आणि ‘तेवढी वायर वाढते हो, बिलात दिसेल’ असं मला उत्तर मिळालेलं असतं.

कृष्णाकाठच्या गावांमध्ये गेली बावीस वर्षं मी हेच काम करतो. सुरुवातीला नुसत्या केबली ओढायचो, मग कॅमेरे आले, मग अंगठ्याची हजेरी मशीनं, कार्डानं उघडणारी दारं, आता फायरवॉल, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी. शिवाय तुमच्यातल्या तीन संस्थांचा मी सभासद आहे. दरवर्षी वार्षिक सभेला येतो, अहवाल पिशवीत टाकतो, लाभांश किती एवढं ऐकतो आणि नाश्ता करून घरी जातो. या वर्षी उठून एक प्रश्न विचारायचा विचार आहे. भर सभेत तुम्हाला अडचणीत टाकल्यासारखं नको, म्हणून आधी पत्र.

कुलपाबद्दल तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही, हे आधी कबूल करतो. तिजोरी कशी सांभाळावी हे तुमच्याइतकं नेमकं फार थोड्यांना ठाऊक असेल. तिजोरीला दोन चाव्या, एक शाखाधिकाऱ्यांकडं, एक कॅशिअरकडं. एकट्यानं उघडतच नाही. रजेवर जायचं तर चावी रजिस्टरला लिहून, सही करून पुढच्याच्या हातात. डुप्लिकेट चाव्यांचं सीलबंद पाकीट दुसऱ्या ठिकाणी. बदली झाली की चार्ज देण्या-घेण्याचा सोहळा, त्यात शेवटची नोटसुद्धा मोजली जाते. चुकून चावी खिशात घेऊन गावच्या जत्रेला गेलेल्या कॅशिअरला रात्री अकराला मोटारसायकलवरून परत आणलेलं मी स्वतः पाहिलंय. बिचाऱ्याच्या कपाळावरचा गुलालसुद्धा पुसलेला नव्हता.

आता त्याच इमारतीत एक जिना चढून वर या.

कुठली संस्था ते सांगणार नाही. गेल्या एप्रिलमध्ये तिथं सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. खोलीला काचेचं दार, दाराला कार्ड रीडर, वर मॅग्नेटचं लॉक, सगळं व्यवस्थित बसवलेलं. पण मशीनं तापायला लागली, म्हणून कुणीतरी दार उघडं ठेवलं. ते आपोआप मिटतं म्हणून फटीत प्लास्टिकची लाल खुर्ची लावली आणि खुर्चीवर टेबलफॅन ठेवला. एसीची दुरुस्ती मंजुरीच्या फायलीत अडकली ती जूनपर्यंत. तोपर्यंत त्या खोलीत चहावाला पोरगा जाई, झाडणाऱ्या मावशी जात, आणि एकदा कर्जाच्या चौकशीला आलेले एक आजोबा गार वारा येतोय म्हणून दहा मिनिटं तिथं बसून होते. रॅकच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर पासवर्ड: संस्थेचं नाव आणि पुढं स्थापनेचं वर्ष. संस्थापकांविषयीचा आदर मी समजू शकतो, पण तेच वर्ष बाहेर बोर्डावर फूटभर अक्षरांत रंगवलंय.

खाली दोन चाव्या, वर खुर्ची. या पत्राचा विषय म्हणाल तर एवढाच.

त्या मॅग्नेट लॉकबद्दल थोडं सांगतो, कारण ते कसं चालतं हे संचालकांना सोडाच, ते वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. चौकटीवर विद्युतचुंबक असतो, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दार घट्ट धरून ठेवतं. वीज गेली की सोडून देतं. हा दोष नाही, मुद्दामच तसं केलेलं असतं. आग लागली, वायरिंग जळालं, तर आतला माणूस कोंडून मरू नये. पण त्याचा अर्थ असा की तुमच्या सर्व्हर रूमची राखण छतातल्या डब्यात बसवलेली बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी करते. ती दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि बदलायची कुणाला आठवण नसते. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. एखाद्या रविवारी मेन स्विच पाडा, अर्धा तास थांबा आणि त्या दाराला एका बोटानं ढकला. मी सात ठिकाणी हा प्रयोग केला. पाच दारं उघडली.

रखवालदाराकडं येतो. माझ्या खांद्यावर शिडी आणि हातात केबलचं बंडल असलं की मला आजवर जवळजवळ कुणीच अडवलेलं नाही. उलट दार उघडून धरतात. बावीस वर्षांत ओळखपत्र मागणाऱ्या एकच भेटल्या, एका तालुक्याच्या शाखेतल्या रखवालदार बाई. ‘तुम्ही रोजचे असाल हो, पण मी नवीन आहे’ म्हणाल्या, वर फोन लावला, मला दहा मिनिटं बाकावर बसवलं. नंतर साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच झापलं, ‘अगं, आपलाच माणूस आहे तो!’ साहेब, त्या बाई बरोबर होत्या. तुमच्या पगारपत्रकात इमारतीच्या सुरक्षेचा अर्थ कळलेली तेवढी एकच व्यक्ती होती आणि तिला त्या दिवशी काय शिकायला मिळालं? की पुढच्या वेळी विचारायचं नाही.

‘आपला माणूस’ हीच आपली सगळ्यात मोठी फट आहे. सहकार उभाच राहिला ओळखीवर आणि विश्वासावर, ते मी मोडा म्हणत नाही. पण आपला माणूस कालपर्यंत आपला होता आणि आज नाही, हे दारावरच्या रखवालदाराला कोण सांगतं? नोकरी सोडलेल्यांची नावं त्याच्याकडं पोचतात का? बारा तासांची पाळी, एजन्सीचा माणूस, दर तीन महिन्यांनी नवा. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण बंधनकारक केलंय. तुमच्या एजन्सीचा परवाना शेवटचा कधी पाहिला, तेही एकदा बघून घ्या.

आता दारातून आत आलेल्या माणसाला नेटवर्क कसं मिळतं ते बघू. ग्राहक बसतात त्या हॉलमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी, भिंतीवर एक लॅनचा, म्हणजे आतल्या नेटवर्कचा, सॉकेट असतो. पूर्वी तिथं टोकन मशीन होतं. मशीन गेलं, सॉकेट राहिला, आणि वरच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी एकत्र येतात त्या डब्यात, त्याची वायर अजून खोचलेली आहे. तिथं कुणी लॅपटॉप लावला तर तो सरळ कॅश काउंटरच्या संगणकांच्या रांगेत जाऊन बसतो. कुणी विचारत नाही, तू कोण? खालच्या दारावर निदान बंदूकवाला उभा आहे. या दारावर कुणीच नाही, आणि अशी दारं प्रत्येक मजल्यावर डझनभर.

याहून मजेशीर म्हणजे बाहेरचा कॅमेरा. कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याकडं तोंड करून बसवलेला. हल्लीच्या आयपी कॅमेऱ्याला येणारी वायर ही नेटवर्कचीच वायर असते. शिडी लावून कॅमेरा काढला आणि त्या वायरीला दुसरं काही जोडलं, तर माणूस उभा आहे फुटपाथवर आणि पोचलाय बँकेच्या आत. सुरक्षेसाठी आणलेल्या वस्तूनंच भिंतीला भोक पाडलं. म्हणून कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायचं, ते कोअर बँकिंगच्या, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेच्या, वाटेला लागताच कामा नये. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असेच मूळ पासवर्डनं ताब्यात घेतले आणि त्या फौजेनं ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण विकलं जात असल्याचं उघडकीला आलं, तिथंही तपासात पुढं आलेला पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’. तुमच्या किती कॅमेऱ्यांना आज तोच आहे, हे मला विचारू नका. मला माहीत आहे, आणि मलाच लाज वाटते.

जुने वाडे आठवा. दिंडी दरवाजातून आत आलेला प्रत्येक जण कोठीघरापर्यंत जात नसे. वसुलीला आलेला ओसरीवर, पाहुणा सोप्यात, घरचा माणूस माजघरात, आणि कोठीची किल्ली आजीच्या कनवटीला. आपल्या नेटवर्कमध्ये मात्र एकदा दिंडी ओलांडली की थेट कोठी. जगात गेल्या पंधरा वर्षांत हळूहळू जी पद्धत रुळतेय, जिला ‘झिरो ट्रस्ट’ म्हणतात, ती काही फार परकी नाही. आत आलास म्हणून तू घरचा झाला नाहीस, प्रत्येक उंबऱ्यावर पुन्हा ओळख दे, आणि काम आहे तेवढ्याच खोलीत जा. स्विचच्या प्रत्येक पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या जागेवर, ओळख मागता येते, अनोळखी मशीन लागलं तर पोर्ट आपोआप बंद करता येतो किंवा त्या मशीनला ओसरीवर, म्हणजे नुसतं इंटरनेट असलेल्या वेगळ्या कप्प्यात, बसवता येतं. तुमच्याकडच्या बऱ्याच स्विचमध्ये ही सोय आहे, पैसे भरलेले आहेत, चालू केलेली नाही. चालू केली तर पहिले दोन आठवडे कुणाचा ना कुणाचा प्रिंटर चालत नाही आणि फोन येतात. ते फोन नकोत म्हणून ती बंद ठेवण्यात मीही सामील होतो.

हे सगळं कशासाठी सांगतोय ते पुण्याच्या उदाहरणावरून पटेल, कारण ते आपल्या सहकाराचंच घर आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार, कॉसमॉस बँक. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेच्या एटीएम स्विचला (हा वायरींचा डबा नव्हे, एटीएमच्या मागण्या पुढं पोचवणारी यंत्रणा) विचारतं, स्विच कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात आहेत का पैसे? हल्लेखोरांनी मधल्या मध्ये खोटा स्विच उभा केला. तो कोअर बँकिंगला न विचारताच प्रत्येक मागणीला ‘द्या’ म्हणत सुटला. बनावट कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमपुढं उभी होती. आपल्या कोल्हापुरातही होती. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैसे पाठवायचे निरोप देतात त्या जाळ्यावरून, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. सगळं मिळून ९४ कोटींच्या वर. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. यात कुणी गज कापले नाहीत, कुणी तिजोरीला हात लावला नाही. दोन्ही चाव्या आपापल्या खिशात सुखरूप होत्या.

ढाक्याची गोष्ट मला त्याहून जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात एक प्रिंटर आहे. फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत स्विफ्टची वेगळी बंदिस्त खोली, ठरावीक माणसांनाच प्रवेश. तिथला प्रिंटर प्रत्येक व्यवहाराचा कागद आपोआप छापायचा. एका शुक्रवारी सकाळी तो बंद दिसला. प्रिंटर काय, नेहमीच बिघडतो. त्यांच्याकडं शुक्रवार-शनिवार सुट्टी. प्रिंटर सुरू होईपर्यंत न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या खात्यातून जवळपास ९५ कोटी डॉलर बाहेर काढण्याच्या मागण्या गेलेल्या होत्या आणि ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या खात्यांत पोचलेले होते. तपास करणाऱ्यांनी नंतर सांगितलं, फायरवॉल नव्हती आणि नेटवर्कला दहा-दहा डॉलरचे जुने स्विच लावले होते. खोलीला कुलूप होतं हो. चोर कुलपाच्या वाटेनं आलाच नव्हता.

आणि एसीवाल्याची गोष्ट राहिलीच. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीतून २०१३ च्या दिवाळीनंतर, त्यांच्या ऐन नाताळच्या खरेदीत, ४ कोटी कार्डांची माहिती गेली. चोर शिरले ते शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. बिलं पाठवायला म्हणून त्याला दिलेला तो रस्ता होता. आपल्याकडं एसीवाला, यूपीएसवाला, एटीएमवाला, सॉफ्टवेअरवाला, लिफ्टवाला आणि मी, सगळ्यांना रस्ते दिलेले आहेत. परत किती जणांकडून घेतले?

माझंच सांगतो. एका संस्थेचं काम २०२१ मध्ये माझ्याकडून गेलं. रीतसर निविदा निघाली, दुसऱ्याला मिळाली, काही तक्रार नाही. मागच्या श्रावणात एका अनोळखी नंबरवरून फोन आला, ‘सर, मी अमुक संस्थेतून बोलतोय, नवीन लागलोय. फायरवॉलचा पासवर्ड आहे का तुमच्याकडं?’ मी सांगितला. पलीकडं खाडखाड टायपिंग ऐकू आलं आणि आवाज आला, ‘हां सर, चालला.’ फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. चार वर्षं कुणी तो बदललेला नव्हता, हा एक भाग. दुसरा भाग माझा: तो मुलगा खरंच त्या संस्थेतला आहे का, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन खात्री केली, मुलगा खरा निघाला. खरा निघाला हे माझं नशीब, यात माझी हुशारी काही नाही.

कॅशिअरची बदली झाली की शेवटची नोट मोजून चार्ज घेता. आयटीचा मुलगा पुण्याला चांगली नोकरी लागून जातो तेव्हा त्याला शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो. त्याचं लॉगिन तसंच, कार्ड त्याच्या पाकिटात, अंगठा मशीनमध्ये, घरून काम करायला दिलेला रस्ता उघडा. तो मुलगा चांगलाच असतो. पण त्याचा लॅपटॉप कुणाच्या हातात जाईल, हे त्याच्या चांगुलपणावर ठरत नाही.

दोन चाव्यांचंही तेच. मेकर-चेकर, म्हणजे एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची, ही पद्धत संगणकात आली ती तिजोरीवरूनच. प्रत्यक्षात काउंटरवरून हाक येते, ‘साहेब, टाकू का तुमचा?’ आणि साहेब कर्जदाराशी बोलता बोलता मान हलवतात. साहेबांचा पासवर्ड क्लार्कला पाठ आहे. दोन्ही चाव्या एकाच खिशात. हेच तिजोरीच्या बाबतीत घडलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी नोटीस काढली असती. म्हणून पासवर्डच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं, जे सांगून दुसऱ्याला देता येत नाही: बोट, किंवा चावीच्या जुडग्यात अडकवायची छोटी सुरक्षा-चावी. सर्व्हर आणि फायरवॉलला हात लावणाऱ्यांना तर ती सक्तीचीच करा. असे लोक संस्थेत चार-पाचच असतात, खर्चाचं नावही काढू नका.

यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट तुमच्याकडं आधीच आहे, फक्त ती दोन वेगळ्या टेबलांवर पडलीय. मागं एका संस्थेत हजेरी मशीन सांगत होतं, लेखा विभागातल्या बाई साडेपाचला घरी गेल्या. कोअर बँकिंग सांगत होतं, पावणेसातला त्यांच्याच नावानं, त्यांच्याच टेबलावरच्या संगणकावरून काम चालू होतं. हजेरीची नोंद प्रशासनाकडं, लॉगिनची नोंद आयटीकडं. दोन्ही खात्यांत एका भिंतीचं अंतर आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी कळलं की संगणक उघडाच सोडून त्या रोज बस गाठत आणि उरलेलं काम शेजारचा सहकारी त्यांच्याच नावावर संपवत असे. गुन्हा नव्हता, भोंगळपणा होता. पण माणूस इमारतीत नाही आणि त्याच्या नावानं आत काम चालू आहे, यावर घंटा वाजायला हवी होती. ती वाजवायला नवी यंत्रणा लागत नाही. दार आणि लॉगिन यांची नोंद एका माणसानं एकत्र बघितली तरी पुरे.

बघणाऱ्याची पंचाईत अशी की घड्याळं जुळत नाहीत. एकदा पोलिसांना चित्रण काढून देताना लक्षात आलं, डीव्हीआरचं घड्याळ ४७ मिनिटं मागं, हजेरी मशीन ६ मिनिटं पुढं. हवालदारांनी विचारलं, ‘खरं कुठलं धरायचं?’ सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यात घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा, नोंदी १८० दिवस जपा आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा, असं स्पष्ट लिहिलंय. सहा तास! आपल्याकडं शनिवारी दुपारी काही झालं तर अध्यक्षांना फोन करायचा की नको, हे ठरेपर्यंत रविवार उजाडतो.

‘आम्ही एवढे लहान, आम्हाला कोण विचारतंय’ हे मी प्रत्येक केबिनमध्ये ऐकलंय. २०२४ च्या जुलैअखेरीला लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यातून तोडावं लागलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. लहान म्हणून कुणी सोडलं नाही. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात नागरी बँकांचे चार स्तर पाडून कुणी किती करायचं ते सांगून ठेवलंय. पतसंस्थांना ते लागू नाही, आणि पतसंस्थेच्या ठेवीदाराला ५ लाखांच्या विम्याचंही कवच नाही. म्हणजे जिथं धाक कमी, तिथंच ठेवीदार जास्त उघड्यावर.

बॅकअपबद्दल थोडक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तळमजल्यावरचं काय काय गेलं, ते आपण सगळ्यांनी चिखलातून उचललंय. तरीही बॅकअपची डिस्क सर्व्हरच्या शेजारच्या कपाटात असते. डुप्लिकेट चावी तिजोरीतच ठेवल्यासारखं झालं हे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर आडवी केली, आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही थांबलं. सगळ्या देशांतले मुख्य सर्व्हर एकमेकांना जोडलेले, त्यामुळं एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमकी त्या वेळी तिथली लाईट गेलेली होती! घानाच्या माणसाकडं ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून ती डिस्क आधी नायजेरियाला आणि तिथून दुसऱ्यानं इंग्लंडला नेली. तारेवर सतत जोडलेला बॅकअप तारेवरूनच मरतो. एक जोड तोडून, दुसऱ्या गावात, नदीपासून वर ठेवा.

माझं मागणं फार नाही. चावी रजिस्टर आहे ना, त्याचीच दोन पानं वाढवा. इमारतीचं कार्ड, अंगठा, लॉगिन, घरून येण्याचा रस्ता, फायरवॉलचा पासवर्ड, कॅमेऱ्याचा पासवर्ड, प्रत्येक बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेली वाट, या सगळ्या चाव्याच आहेत. कुणाकडं, कधीपासून, कुणाच्या सहीनं, आणि परत कधी घेतली. माणूस संस्था सोडतो त्या दिवशी, शाल देण्याच्या आधी, त्या पानावर दोन सह्या. दार आणि नेटवर्क दोन्ही एकाच जबाबदार माणसाकडं द्या. प्रशासन आयटीकडं आणि आयटी प्रशासनाकडं बोट दाखवतं, ती फट बुजेल. आणि तो माणूस खरं सांगायला धजावेल एवढं त्याला बोलू द्या. माझ्यासारख्यांना तर सोडूच नका. पुढच्या वेळी मी शिडी घेऊन आलो की आधी ओळखपत्र मागा.

सभेत मी जो प्रश्न विचारणार आहे तो असा: गेल्या तीन वर्षांत संस्थेतून जे कर्मचारी आणि कंत्राटदार गेले, त्यांच्यापैकी किती जणांचं कार्ड, अंगठा आणि लॉगिन तिन्ही आज बंद आहेत? आकडा हवा. ‘माहिती घेऊन कळवतो’ असं उत्तर आलं तर मी खाली बसेन, पण इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
केबल ओढणारा एक सभासद

ता. क. एसी जूनमध्ये दुरुस्त झाला. ती लाल खुर्ची मी स्वतः उचलून खाली हॉलमध्ये ठेवली होती. परवा गेलो तर पुन्हा दारात. विचारलं तर म्हणाले, कार्ड सापडत नाही, सारखं कोण उघडणार.